इव्हेंट कंपनीतील उमेदवारी : झगमगाट आणि हकीकत

शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा या परिसरातील तरुणांमध्ये ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ या शब्दाचे मोठे आकर्षण निर्माण झाले आहे. बारावी किंवा बी.कॉम. झालेला मुलगा पुणे, मुंबई किंवा सुरतला जातो, एखाद्या खासगी संस्थेत फी भरून कोर्स करतो आणि मग एखाद्या इव्हेंट कंपनीत ‘इंटर्न’ म्हणून रुजू होतो. आई-वडिलांना वाटते, मुलगा नोकरीला लागला. मुलाला वाटते, आता मोठमोठ्या लोकांत ऊठबस होणार. प्रत्यक्षात काय होते, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. परत आलेला मुलगा लाजेखातर बोलत नाही आणि तिथे टिकलेला मुलगा गावी फारसा येत नाही. म्हणून या धंद्यातील उमेदवारी नेमकी कशी असते, तिच्यातून काय मिळते व काय मिळत नाही, याची माहिती वाचकांसमोर ठेवीत आहोत.

धंदा जुना, नाव नवे

इव्हेंट मॅनेजमेंट म्हणजे एखादा कार्यक्रम ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या खर्चात पार पाडून देणे. लग्न असो, कंपनीचे संमेलन असो, दुकानाचे उद्घाटन असो किंवा प्रदर्शन असो, यजमानाने फक्त पैसे द्यायचे आणि पाहुण्यांचे स्वागत करायचे. बाकी जागा, मंडप, वीज, जेवण, बैठक, वाहनतळ, परवानगी व साफसफाई हे सर्व कंपनीने पाहायचे.

हे काम आपल्याकडे नवीन नाही. पूर्वी ते भाऊबंद, मोहल्ल्यातील कर्ती माणसे आणि मंडपवाला मिळून करीत. फरक इतकाच की आता ते एका कंपनीच्या छत्राखाली आले आणि त्याचा हिशेब एका बिलात येऊ लागला. आपल्या देशात हा बदल 1980 च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागला. विझक्राफ्ट ही मुंबईची कंपनी 1988 साली सुरू झाली. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, त्याचे आयोजन याच कंपनीकडे होते आणि तेव्हापासून या व्यवसायाचा बोलबाला झाला. पुढे शहरांतून हे शिकविणाऱ्या संस्था निघाल्या आणि लग्नाचे काम घेणारे ‘वेडिंग प्लॅनर’ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले.

आपल्या खानदेशात याचे मोठे उदाहरण म्हणजे सारंगखेड्याची यात्रा. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाताना हे गाव लागते, त्यामुळे आपल्या तालुक्यातील कितीतरी दुकानदार, खाटीक, मणियार, चहावाले आणि मंडपवाले या यात्रेवर वर्षाची काही कमाई करतात. या यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’चे रूप आले, तंबूंचे गाव उभे राहू लागले आणि राज्याच्या पर्यटन खात्यामार्फत अहमदाबादच्या एका कंपनीस कंत्राट गेले. 2019 च्या अखेरीस राज्य सरकारने ते कंत्राट रद्द केले. वर्तमानपत्रांतून त्या कंत्राटाचा आकडा 321 कोटी रुपये असा आला होता. हा वाद इथे उकरून काढायचा नाही. सांगायचे ते एवढेच की, ज्या कामाला आपण ‘मंडप-भांडी’ म्हणून कमी लेखतो, त्याच कामाचे हिशेब आता कोटींत होतात. तेव्हा आपल्या मुलांनी या धंद्यात शिरणे गैर नाही, पण डोळे उघडे ठेवून शिरले पाहिजे.

उमेदवाराचे काम काय असते?

इंटर्न या शब्दाला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, उमेदवार. वकिलाकडे, शिंप्याकडे, पेढीवर पूर्वी मुले उमेदवारी करीत. इव्हेंट कंपनीतील उमेदवारीचे तीन भाग पडतात.

पहिला भाग कार्यक्रमापूर्वीचा. त्यात नव्वद टक्के काम कागदाचे आणि फोनचे असते. पाहुण्यांची यादी तयार करणे, प्रत्येकाला फोन करून येणार की नाही ते लिहून घेणे, येणाऱ्याची गाडी-रेल्वे कोणती, खोली कोणती याचा तक्ता करणे, फुलवाला, बावर्ची, लाइटवाला, जनरेटरवाला यांच्याकडून दर मागविणे, ते एका तक्त्यात मांडून साहेबांपुढे ठेवणे. जागेची पाहणी, ज्याला हे लोक ‘रेकी’ म्हणतात, तिथे टेप धरून मोजमाप घेणे. वीज कुठून येते, पाण्याचा टँकर कुठपर्यंत जातो, ट्रक आत वळतो की नाही, हे पाहणे. ज्याला एक्सेलचा तक्ता नीट भरता येत नाही, त्या मुलाचे या भागात हाल होतात.

दुसरा भाग कार्यक्रमाच्या दिवसाचा. हा दिवस खरे म्हणजे आदल्या रात्री सुरू होतो. मंडपाचे सामान रात्री येते, कारण दिवसा जागा रिकामी नसते किंवा शहरात ट्रकला बंदी असते. उमेदवाराला ट्रकजवळ उभे करून सामान मोजून घ्यायला सांगतात. खुर्च्या किती, गाद्या किती, त्यात फाटक्या किती. मग प्रत्येक मिनिटाचा कागद हाती येतो. किती वाजता काय होणार, कोण कुठे उभा राहणार, हे त्यावर लिहिलेले असते. उमेदवाराला बहुधा एक दरवाजा किंवा एक टेबल सांभाळायला देतात. सकाळी दहाला उभा राहिलेला मुलगा रात्री बाराला तिथेच असतो. जेवण सर्वांत शेवटी मिळते आणि कधीकधी उरतच नाही. ज्या मोठ्या लोकांना पाहण्याच्या ओढीने तो आला, ते समोरून निघून जातात आणि त्याची नजर मात्र वॉकी-टॉकी आणि दरवाजावर असते.

तिसरा भाग कार्यक्रमानंतरचा आणि तो कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. पाहुणे गेले की मंडप उतरतो. सामान पुन्हा मोजून परत करायचे असते. एखादी चादर जळाली, तक्क्या हरवला, काचेची भांडी फुटली, तर कोणाच्या नावे लिहायचे यावरून भांडण होते. पहाटे तीन-चारला काम संपते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बिले जुळवायला पुन्हा हजर व्हायचे असते.

हे वाचून कोणी घाबरू नये. यात शिकायला भरपूर आहे. पंचवीस निरनिराळ्या कारागिरांना एका वेळी एका जागी आणून त्यांच्याकडून काम करवून घेणे, हे कोणत्याही पुस्तकात शिकता येत नाही. जो मुलगा सामान मोजायला शिकला, तो पुढे स्वतःचा धंदा करू शकतो. जो फक्त दरवाजावर उभा राहिला, त्याच्या हाती सहा महिन्यांनी एक प्रमाणपत्र उरते. दोघांतील फरक मुलाच्या हुशारीपेक्षा, कंपनी त्याला काय शिकविते यावर जास्त अवलंबून असतो.

पैशाचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ लहान कंपन्या उमेदवाराला काहीच देत नाहीत. काही जण प्रवासखर्च आणि कार्यक्रमाच्या दिवसाचे जेवण देतात. काही जण महिन्याला ठरावीक रक्कम देतात, तिला स्टायपेंड म्हणतात. समजा, पुण्यात मुलाला महिन्याला 5,000 रुपये मिळाले. खोलीतील एका कॉटचे 3,000, मेसचे 3,000 आणि बस-मोबाइलचे 1,000 धरले, तर घरून दर महिन्याला 2,000 रुपये पाठवावे लागतील. सहा महिन्यांत 12,000 झाले. त्याआधी कोर्सची फी भरली असेल ती वेगळी. म्हणजे उमेदवारी ही कमाई नव्हे, तो भांडवली खर्च आहे. दुकानात नवीन माल भरताना आपण जसा हिशेब करतो, तसाच इथे केला पाहिजे. किती घातले, किती दिवसांत वसूल होणार, आणि न झाल्यास किती झेपेल?

याशिवाय हा धंदा मोसमी आहे. तुळशीच्या लग्नानंतर कामे सुरू होतात, आखाजीच्या आसपास गर्दी असते आणि पावसाळ्यात मंडप गोदामात पडून राहतो. आपल्या समाजात मोहर्रम आणि रमजानमध्ये लग्ने सहसा होत नाहीत, ईदनंतर एकदम गर्दी होते. म्हणून जूनमध्ये रुजू झालेल्या मुलाला दोन महिने कार्यालयात बसून राहावे लागते. उमेदवारी करायचीच असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे सहा महिने निवडावेत. एक मोसम पूर्ण पाहिला की धंद्याची नाडी समजते. 2020 साली टाळेबंदी लागली, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा या धंद्यातील कित्येकांची कामे एका रात्रीत गेली, हेही विसरू नये.

कायदा काय म्हणतो?

कायद्याने ‘अप्रेंटिस’ आणि आपण ज्याला ‘इंटर्न’ म्हणतो तो, हे दोन वेगळे आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. त्या कायद्याखाली करार होऊन नोंदणी झाली, तर उमेदवाराला ठरलेले विद्यावेतन, ठरलेला काळ आणि काही हक्क मिळतात. नुसत्या तोंडी बोलीवर ठेवलेल्या इंटर्नला त्यातील काहीच मिळत नाही. कंपनी सोईप्रमाणे त्याला ‘विद्यार्थी’ म्हणते आणि काम मात्र नोकराचे घेते.

सरकारच्या दोन योजनांची माहिती पालकांनी घ्यावी. महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. त्यात बारावी झालेल्याला महिना 6,000, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. वयाची अट 18 ते 35 अशी होती. मुदत आधी सहा महिने होती, 2025 मध्ये ती 11 महिने करण्यात आली. पैसे थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येण्याची व्यवस्था होती. दुसरी, केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना, तीही 2024 मध्येच सुरू झाली. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे 21 ते 24 वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत 12 महिने, महिना 5,000 आणि एकदा 6,000 रुपये असे तिचे स्वरूप होते. अशा योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी धुळ्याच्या जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन त्या दिवसाची स्थिती विचारावी. ज्या कंपनीत मुलगा जाणार, ती अशा योजनेत नोंदलेली आहे का, हाही प्रश्न करावा.

मुलींच्या पालकांना दोन गोष्टी विशेष माहीत असाव्यात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे, तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोहोचविण्याची व्यवस्था मालकाने करावयाची असते. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे हा कायदा दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होता. दुसरे, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार यांनाही लागू आहे. ‘तू तर इंटर्न आहेस, तुझी तक्रार चालत नाही’ असे कोणी म्हटले, तर ते खोटे आहे. मुलींना या धंद्यात चांगली संधी आहे, कारण जनानखान्याची व्यवस्था, वधूकडील मंडळींशी बोलणे ही कामे त्याच उत्तम करतात. पण रात्री परतीची गाडी कोणती आणि सोबत कोण, हे आधी ठरले पाहिजे.

सुरक्षितता : सर्वांत महत्त्वाचा धडा

उमेदवाराला सजावट शिकविणारे पुष्कळ भेटतात, जीव वाचविणे शिकविणारे कमी. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली. त्यात 400 हून अधिक माणसे, त्यातही बहुसंख्य मुले, मरण पावली. मंडपाचे कापड सिंथेटिक होते आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी होती.

कापडाच्या व्यापारात वय घालविलेल्या माणसाला यातील कारण लगेच समजते. सुती कनात जळते तेव्हा तिची राख होते. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे कापड वितळते आणि त्याचे जळते थेंब खाली माणसांच्या अंगावर पडतात. सुरतेहून येणारे झिरमिरीत, चकाकणारे सजावटीचे कापड स्वस्त पडते, घडी पडत नाही, धुवायला सोपे जाते, म्हणून मंडपवाले तेच घेतात. ते वापरूच नये असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही. पण हॅलोजनच्या दिव्याला ते चिकटू नये, भटारखाना मंडपापासून दूर असावा, उघड्या वायरी कापडात गुंडाळू नयेत आणि बाहेर पडायच्या वाटा समोरासमोर दोन तरी असाव्यात, एवढे उमेदवाराने पहिल्याच आठवड्यात शिकले पाहिजे. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक संस्थेचे आय.एस. 8758 हे मार्गदर्शक मानक आहे. ज्या कंपनीत कोणालाच त्याचे नाव माहीत नसेल, तिथे मुलाने जपून राहावे.

फक्त आगच नव्हे, ऊनही माणसे मारते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा भव्य कार्यक्रम भर उन्हात मोकळ्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत कसे ऊन असते ते सांगायला नको. सावली, पाणी आणि रुग्णवाहिका ही सजावटीच्या आधीची कामे आहेत.

परवानग्यांचेही तसेच. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद असतो, शासनाने सवलत दिलेले वर्षातील मोजके दिवस सोडून. मैदानासाठी नगरपंचायत किंवा नगरपालिका, विजेसाठी महावितरणचे तात्पुरते कनेक्शन, जेवण देणाऱ्याचा अन्न परवाना, बिलावर जी.एस.टी. या कागदांच्या फाइलवर ज्याने उमेदवारीत हात फिरविला, तो पुढे कुठेही उपाशी राहत नाही.

आपल्या घरची पाठशाळा

हे शिकायला पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगाव येथे तबलिगी इज्तेमा झाला. लाखो लोक जमले. शेतजमीन सपाट करण्यापासून वजूखाने, शौचालये, वाहनतळ, दवाखाने आणि रस्त्यावर वाहतूक वळविण्यापर्यंत सर्व कामे तरुणांनी खिदमत म्हणून केली. कोणत्या जिल्ह्याची गाडी कुठे उभी राहील, हे आधी ठरलेले होते. ज्या मुलाने अशा ठिकाणी तीन दिवस वाहनतळ सांभाळला, त्याने गर्दीचे शास्त्र शिकले. त्याला ते शास्त्र आहे हे कोणी सांगितले नाही, इतकेच. आपल्या जमातींनी अशा तरुणांच्या नावाने, काय काम केले ते लिहून एक कागद दिला, तर तो कंपनीत दाखविता येईल.

शिवाय या धंद्याचे सुटे भाग आपल्याच लोकांच्या हाती आहेत. गादी-तक्के पिंजाऱ्यांचे, बांगड्या मणियारांच्या, फळे बागवानांची, देग बावर्चीची, मंडप आणि लाइटचे काम कित्येक मुस्लिम कारागिरांचे. हे सर्व लोक आज कोणा मोठ्या कंपनीचे ‘व्हेंडर’ आहेत. म्हणजे काम आपले, बिल दुसऱ्याचे. आपला शिकलेला मुलगा उमेदवारी करून परत आला आणि त्याने या पाच-सहा कारागिरांना एका पावतीखाली आणले, तर तालुक्यातल्या तालुक्यात चांगला व्यवसाय उभा राहील. कंपनीत शिकायचे ते हेच : दर कसा काढावा, ॲडव्हान्स किती घ्यावा, नासधूस कशी भरून घ्यावी आणि कागद कसा ठेवावा.

एक बाब आपल्या अंतःकरणाला विचारण्यासारखी आहे. या धंद्याची कमाई लोकांच्या खर्चावर चालते आणि लग्नातील उधळपट्टी, इसराफ, आपल्या दीनने नापसंत केली आहे. तेव्हा कर्ज काढून दिखावा करणाऱ्याला आणखी एक झुंबर विकायचे, की कमी खर्चात नीटनेटका वलिमा पार पाडून द्यायचा? दुसऱ्या मार्गाने नफा थोडा कमी, पण गिऱ्हाईक पिढीजात मिळते. शिंदखेड्यासारख्या गावात एका घरचे काम चांगले झाले की दहा घरांत बोलले जाते.

जाण्यापूर्वी हे विचारा

पालकांनी व मुलांनी रुजू होण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

1) उमेदवारी किती महिन्यांची? सुरू आणि संपण्याची तारीख कोणती?
2) महिन्याला किती मिळणार, कोणत्या तारखेला आणि बँकेत की रोख?
3) प्रवास, जेवण आणि रात्रीच्या परतीचा खर्च कोणाचा?
4) आठवड्यात सुटी कोणती? जुम्याच्या नमाजला वेळ मिळेल का?
5) सामान फुटले-हरवले तर भरपाई उमेदवाराकडून घेणार का? याचे उत्तर ‘नाही’ असेल तरच पुढे बोलावे.
6) दरपत्रक, परवानगी आणि हिशेब या तिन्ही कामांवर काही आठवडे बसवणार का?
7) मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणार का? मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, प्रत द्यावी.
8) शेवटी काय काम केले त्याचा तपशील असलेले प्रमाणपत्र मिळेल का?

असे विचारणे उद्धटपणा वाटेल, अशी भीती काहींना वाटते. ती व्यर्थ आहे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे आणि मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करावी ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण खुतब्यातून नेहमी ऐकतो. लिहून द्यायला जो मालक कचरतो, तो महिनाअखेरीस पैसे द्यायलाही कचरणार, हे बाजारात बसलेला प्रत्येक जण जाणतो.

हीच कसोटी आपल्यातील मालकांनाही लागू आहे. आपल्या दुकानावर, मंडपाच्या गोदामावर ‘शिकायला’ म्हणून ठेवलेल्या मुलांना आपण काय देतो आणि काय शिकवितो? बाहेरच्या कंपनीकडे जे मागायचे, ते आधी आपल्या घरात सुरू केले, तर आपल्या मुलांना गाव सोडण्यापूर्वीच अर्धे शिक्षण मिळेल, आणि उरलेले अर्धे ते कोणाच्याही दारात ताठ मानेने मिळवतील.